चैत्रातली कोजागिरी

आमचे हे, म्हणजे शालिकराम फोटोवाले, भर दुपारी रात्र करायचे. सक्करदऱ्याच्या तलावाकाठी माणसांना उन्हात उभं करायचं आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर लाल काच चढवायची, की फोटोत निळं आभाळ काळंभोर पडायचं. मग छापताना जरा आणखी गडद केलं, वर एक चंद्र काढला, की झालं चांदणं! लोक खुळ्यासारखे मागं लागायचे. मी म्हणायची, घरात वेळेवर दिवा लावायचं सुचत नाही आणि गावभर चांदणं वाटत फिरता. हे नुसते हसायचे. रागावणं या माणसाला जमलंच नाही, ते खातं माझ्याकडे.

अडुसष्टच्या चैत्रात शेजारची मनकर्णा आली. तिच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी जयवंता, तिचं लग्न ठरलं होतं कन्हानला. आता आमच्याकडे कोजागिरीला चांदण्यात घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळतात. थोरली जयवंता, पण मनकर्णा दरवर्षी पाटावर बसवायची आपल्या पोटच्या रवींद्राला, आणि ही पोर दाराआडून बघायची. मला तेव्हा अस्सा संताप यायचा! आता पोर सासरी निघाली तेव्हा बाईला उमगलं. कोजागिरी तर लांब. म्हणून म्हणाली, भाऊजी, एक रात्र करून द्या, पोरीले ओवाळते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलावावर पाट मांडला. जयवंता आली, ती वडिलांनी सांगितलं म्हणून. यांनी समजावलं, उन्हात ज्योत दिसत नाही, निरांजन पेटवू नका, फोटोवर मी ती नंतर रंगवतो.

तेव्हा पोरगी बोलली. "इतकी वर्षं खरी रात्र होती. तेव्हा काहून नाही ओवाळलं मले?"

मनकर्णेनं कारणं दिली नाहीत. "मी आपलं-परकं केलं वं, जयवंता. चुकलं माझं," म्हणाली, आणि पदराचा आडोसा करून निरांजन पेटवलंच. ओवाळताना तिच्या डोळ्यांतून धार लागली होती. पोर टक लावून तिच्याकडे बघत राहिली. यांनी खटका दाबला.

घरी येऊन फोटो धुऊन बघतात तर आभाळ पांढरंफक! लाल काच यांच्या खिशातच. आपलेच डोळे पुसण्याच्या नादात चढवायची राहिली होती. मी चांगलं फैलावर घेतलं. लग्न चार दिवसांवर आलेलं, आणि त्या बाईला काय तोंड दाखवणार?

जयवंता फोटो न्यायला आली. हे मान खाली घालून म्हणाले, पुन्हा काढू, नाहीतर याच्यावरच शाई चढवून रात्र करून देतो. तिनं तो फोटो हातात घेतला आणि दाराशी उजेडात नेला.

"काळा नका करू, काका," ती म्हणाली. "याच्यात आईचं तोंड दिसून राहिलं."

मनकर्णेला आई म्हणताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.