गिटारवरच्या टिकल्या

गिटार घेतली तेव्हा माझी चाळिशी उलटली होती, आणि ती मी कुणाला विचारून घेतली नव्हती. मी वाळूजला कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढायचा पगार घेते, तेव्हा घरी एक तरी गोष्ट अशी हवी होती की जिच्यात माझीच खोट निघेल. नवरा म्हणाला, महिन्याभरात माळ्यावर जाईल. गेली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माझा स्वभाव त्याला कळायला हवा होता.

मोबाईलवर बघून बघून मी पेंटाटॉनिकपर्यंत आले. नाव जड आहे, गोष्ट साधी. सात सुरांतले दोन सोडून द्यायचे आणि उरलेल्या पाचांत खेळायचं. हे पाच सूर एकमेकांशी सहसा भांडत नाहीत, त्यामुळे मनाने काहीबाही वाजवणाऱ्याची लाज राखतात. गिटारच्या लांब नेकवर या पाच सुरांचे पाच आकार बसतात, एकाला एक लागून. शिकवणारे त्यांना बॉक्स म्हणतात. मला पहिला बॉक्स यायचा, आणि चांगला यायचा. जगातले निम्मे हौशी गिटारवाले त्या एका बॉक्समध्ये म्हातारे होतात, तशी मीही सुखाने झाले असते. पण मामा आडवे आले.

मामा म्हणजे माझे सासरे. मूळचे सोयगावकडचे, नोकरीपायी शहरात आले आणि मुकुंदवाडीत घर बांधून राहिले. आमच्या गल्लीमागच्या मंदिरात दर गुरुवारी संध्याकाळी भजन असतं, तिथे मामा उभी हयात गायले. भजनी मंडळात माणसाची ओळख पट्टीवरून असते. पट्टी म्हणजे तुमचा सा पेटीच्या कुठल्या बटणावर बसतो ते. काळी एकमध्ये गाणारा बरा, काळी दोनमध्ये गाणारा दमदार. मामा पांढरी चारमध्ये गायचे. एवढ्या वर जाणारा मंडळात दुसरा कुणी नव्हता. अभंगाआधी पेटीवाले काका मोठ्याने विचारायचे, "पट्टी?" मामा शांतपणे सांगायचे, "पांढरी चार," आणि नवीन आलेली माणसं मान वळवून बघायची. मामांनी स्वतःच्या आवाजाची कधी बढाई मारली नाही. त्या दोन शब्दांत सगळं यायचं.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बोलणंही लवकरच पहिल्यासारखं झालं. वरचे सूर मात्र गेले. डॉक्टरांनी तसं आधीच बजावलं होतं, पण जिवावरचं असताना वरच्या पंचमाची काळजी कोण करतो?

त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मामांचा गुडघा दुखत होता. पुढच्या गुरुवारी पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. हळूहळू गुरुवार हा वारच आमच्या घरातून उठला. पेटीवाले काका मामांचे गावाकडच्या शाळेपासूनचे दोस्त, तेही आता गल्लीच्या टोकाला राहतात. काका बोलवायला आले की मामा मला सांगायला लावायचे, बाहेर गेलेत म्हणून. मी सांगितलं, आणि दार लावल्यावर मामांना सुनावलंही की पुढच्या वेळी तुमची थाप तुम्ही मारा. पण खरं सांगायचं तर न गाणारे मामा मला बघवत नव्हते. टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचे. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा हा माणूस गायचा थांबला नव्हता.

एका रविवारी मी गच्चीच्या जिन्यात माझा बॉक्स घोळवत बसले होते. मामा वाळवणाच्या मिरच्या बघायला वर निघाले होते, ते मधल्या पायरीवर थांबले.

"भूप वाजवतीस व्हय?"

मी म्हटलं, नाही, हे इंग्लिश आहे.

"सूर कधीपासून इंग्लिश झाले? भूप रागात हेच पाच असत्यात," असं म्हणून ते माझ्या खालच्या पायरीवर टेकले आणि भूपातल्या एका अभंगाची ओळ गुणगुणले. घरात कितीतरी महिन्यांनी गाणं झालं. माझी बोटं थांबली. त्यांचा सा माझ्या बॉक्सच्या आसपासही नव्हता, तो कुठेतरी खाली, दोन सुरांच्या सांदीत होता. मी शोधेपर्यंत ते गप्प झाले आणि मिरच्या बघायला निघून गेले. पण मला धागा सापडला होता. मी हाती घेतलेलं काम सोडत नाही, हे कंपनीतल्या सप्लायरांना विचारा.

दुसऱ्या दिवशी मी गिटारच्या गळ्याला कॅपो लावला. हा चिमटा लावला की गिटार हव्या त्या पट्टीत जाते. मामांना खाली बसवलं, म्हटलं, म्हणा. पहिल्या ओळीला जमलं. पण ऑपरेशननंतर त्यांचा गळा विचित्र झाला होता. सुरुवातीला खाली लागायचा, आणि तापला की अर्धा सूर वर चढायचा, न सांगता. तिसऱ्या ओळीला ते एकीकडे आणि मी दुसरीकडे. मी चिमटा सोडवून पुढे सरकवायला लागले तर ते वैतागले.

"तो चिमटा काढ आधी. मी काय वाळत घातलेला शर्ट हाय का?"

चिमटा काढला. मग माझा एकुलता बॉक्सच वर-खाली सरकवून पाहिला. ते वरच्या सा ला गेले की माझा हात घसरत तिथे पोचेपर्यंत ओळ संपलेली असायची. शिवाय मी जे वाजवायचे ते एकसारखंच वाटायचं. मामांनी त्याचं निदान चहा पिता पिता केलं. "तू एकाच खोलीत हिंडतीस. समदं घर तुझंच हाय की, हिंड ना."

तेव्हा ठरवलं की सगळी नेक शिकायची. हात जिथे असेल तिथे, बोटांखालीच, मामांचा सा सापडला पाहिजे. व्हिडिओवाले पाचही बॉक्स पाढ्यासारखे पाठ करायला सांगतात. ते मी केले, पण पाढे पाठ असून पोरांना गणित येत नाही, तसं झालं. मग मी माझी युक्ती काढली. बारक्या मरून टिकल्यांचं पाकीट आणलं आणि त्या दिवशी मामांचा सा जिथे लागेल, तो सूर नेकवर जिथे जिथे येतो तिथे तारेखाली एकेक टिकली चिकटवली. टिकली म्हणजे घराचं दार. तिथून निघायचं, पाच सुरांत भटकायचं, आणि कुठल्या तरी दुसऱ्या टिकलीवर परत यायचं. दुसऱ्या दिवशी मामांचा गळा वेगळा लागला की सगळ्या टिकल्या उचलून नव्या जागी लावायच्या.

सेकंड शिफ्ट असली की सकाळी, नसली की संध्याकाळी भाजी निवडायच्या आधी, आम्ही दोघं जिन्यात बसायचो. ते एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे, मी त्या रिकाम्या जागेत उत्तर द्यायचे. पाच सुरांच्या बाहेर जायचं नाही, असा आमचा करार होता. सुरुवातीला माझी उत्तरं म्हणजे सरकारी कार्यालयातली, प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं. पण होता होता बॉक्सच्या मधल्या भिंती मला दिसेनाशा झाल्या. खालून सुरू केलेलं मी वरच्या टोकाला नेऊन सोडायला लागले. एकदा मामांनी ओळ अर्ध्यात तोडली आणि माझ्याकडे बघत राहिले, कारण ती त्यांना जशी संपवायची होती तशी मी संपवली होती. त्या दिवशी मी कंपनीच्या बसमध्ये एकटीच हसत होते.

मग मी सरळ विषय काढला. म्हटलं, येत्या गुरुवारी जाऊ या मंदिरात. काका आहेत पेटीला, मीही येते.

 गिटार माझ्या मांडीवर होती, ती मामांनी जवळ ओढली आणि एका टिकलीवर बोट ठेवलं. हे काय म्हणून विचारलं. मी हौसेने सांगितलं की हा तुमचा सा, हाही, आणि तो वरचाही.

"म्हंजी ह्या बघून कुनालाबी कळंल, मी कुठं गातोय ते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गळा गेल्याचं दुःख त्यांनी कधीच गिळलं होतं. त्यांना भीती पेटीची होती. पेटीवर काकांचं बोट कुठल्या बटणावर आहे ते अख्ख्या सभामंडपाला दिसतं. पांढरी चारवाला माणूस खालच्या पांढरी सातवर उतरला, हे कुणी न बोलता सगळ्यांना कळलं असतं. आणि त्याआधी काकांनी सवयीने मोठ्याने विचारलं असतं, पट्टी? त्या एका प्रश्नाला घाबरून हा माणूस घरात बसला होता. गिटार त्यांना रुचली कारण गिटारवर कुठला सूर कुठे असतो ते मंडळात कुणालाच कळत नाही. मला त्यांचा राग आला नाही. 

टिकल्या काढल्या तर येतो, म्हणाले. मी त्यांच्यासमोर नखाने एकेक टिकली खरवडून काढली आणि पाकिटावर परत चिकटवली.

गुरुवारी सभामंडपात नेहमीची माणसं होती. मामांना बघून सगळे सरकले, जागा झाली, जास्त कुणी काही विचारलं नाही. गिटारकडे मात्र सगळ्यांनी वळून वळून पाहिलं. मी पदर खोचून त्यांच्या उजव्या हाताला बसले. पखवाजवाल्यांची काळजी नव्हती, ते कधीपासूनच कुणाच्या पट्टीत नसतात. काकांनी पेटी पुढे ओढली, भाता सोडला, आणि व्हायचं तेच झालं.

"पट्टी?"

मामांनी माझ्याकडे हात केला. "आज ही धरती. तू मागून ये."

आणि ते लागले. सात नव्हे, त्याच्याही खाली लागले, कदाचित छातीत धडधडत होतं म्हणून. नेकवर एकही खूण नव्हती, नुसतं काळं लाकूड. पण माझ्या तिसऱ्या बोटाखालीच तो सा होता, आणि त्याच्या वरचा कुठे आहे तेही मला ठाऊक होतं. मी धरला. मामांच्या खांद्यातला ताण उतरलेला मला दिसला.

काकांचा हात आधीच पांढरी चारवर जाऊन बसला होता. तो तिथून उठला आणि हलकेच एकेक बटण खाली येत राहिला, मध्ये, अजून खाली. खालच्या काळी पाचवर थांबला. काकांनी त्या बटणाकडे पाहिलं, मग मामांकडे. मामांचे डोळे मिटलेले होते. काकांनी बोट उचललं, भाता मिटून कडी लावली, आणि बाजूला पडलेल्या झांजा उचलून ताल धरला.

वाजवताना रडायची सोय नसते. मामांनी ओळ म्हटली, मी उत्तर दिलं. ते तापले, अर्धा सूर चढले, मी त्यांच्याआधी तिथे जाऊन बसले होते. शेवटच्या चरणाला त्यांनी वर जायचा प्रयत्न केला आणि गळा अडला, तेव्हा ती उरलेली वाट मी नेकच्या पार टोकापर्यंत जाऊन पुरी केली आणि त्यांना हाताला धरून खाली आणावं तसं सा वर आणून सोडलं. चांगलं वाजवलं मी. उगीच विनय कशाला?

प्रसादाच्या वेळी एका नवीन गृहस्थांनी सहज विचारलं, बाबा कुठल्या पट्टीत गायले? मामांच्या आधी काकाच बोलले. पेटीच बंद होती तर पट्टी कसली, असं म्हणून त्यांनी विषय उडवला आणि साखरफुटाण्यांचं ताट पुढे केलं.

मामांनी मिटलेल्या पेटीकडे पाहिलं. काकांच्या हातातल्या झांजांकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं.

"काळी पाच. खालची," ते म्हणाले. "पांढरी चार गेली. आता मी हितं ऱ्हातो."

 काकांनी ताटातले चार फुटाणे उचलून मामांच्या हातावर ठेवले.

पुढच्या गुरुवारी मी चपला घालत होते, तर मामांनी हटकलं. टिकल्या कुठंयत म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, आता मला त्या लागत नाहीत, सगळं घर पाठ झालंय.

"तुला नाय लागत. लाव तरी. दिसू दे लोकांला."

मी उंबऱ्यातच बसले आणि एकेक टिकली लावली, एकही जागा न सोडता. मंदिरात काकांनी पेटी उघडली आणि पूर्वीसारखंच मोठ्याने विचारलं, "पट्टी?"

"काळी पाच," मामा म्हणाले, पांढरी चार म्हणायचे त्याच आवाजात, आणि मागे बसलेल्या दोन नवीन माणसांनी मान वळवून पाहिलं.