माझ्या आयडीबरोबर गेलेली पेजेस

"साळवी सर, तुम्ही जाताना काही डिलीट करून गेलात का?"

रिटायर होऊन मला जेमतेम आठवडा झालेला. कोपरला घरी निवांत पोहे खात होतो आणि शिल्पाचा फोन आला. शिल्पा म्हणजे आमच्या कोलशेतच्या कंपनीतली सिस्टम अ‍ॅडमिन. माझ्याच हाताखाली तयार झालेली.

"गेट पासची पेजेस उघडत नाहीयेत सर. भरलेल्या गाड्या आतच अडकल्यात. शिरोडकर साहेब डिस्पॅचमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, साळवींना एक्स्टेन्शन दिलं नाही म्हणून खुन्नस काढली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक्स्टेन्शन मी मागितलेलं आणि आयटी हेड शिरोडकरांनी नाकारलेलं, हे खरं. पण उभी नोकरी जिथे केली, तिथेच नावाला असा बट्टा? राग आला, आणि वाईट त्याहून जास्त वाटलं. पोहे तसेच टाकले आणि रिक्षा पकडली.

गेटवर वॉचमन अवघडला. "साळवी साब, अब आप विजिटर हो. पास लगेगा. और पास तो निकलही नहीं रहा." ज्या पेजवरून पास निघतो, तेच गायब. शेवटी शिल्पा आली, कागदावर सही केली, तेव्हा मी आत गेलो.

थोडं समजावून सांगतो. आमचं मशीन मिडरेंज. म्हणजे पीसीपेक्षा बरंच मोठं, मेनफ्रेमपेक्षा लहान. कपाटाएवढं, कधी बंद न होणारं. गेट पासचे प्रोग्राम त्यावरच चालतात. प्रोग्राम गाडीचा नंबर, मालाचं नाव काढून देतो. पण ते पेजवर दिसायला एक साचा लागतो, छापील फॉर्मसारखा, रिकाम्या जागा असलेला. तोच टेम्प्लेट. ही टेम्प्लेट्सही आम्ही त्याच मशीनवर, कंपनीच्या फोल्डरमध्ये ठेवलेली. आणि या मशीनवर प्रत्येक वस्तूला मालक असतो. ज्याच्या लॉगिनने वस्तू चढली, तो मालक.

सर्व्हर रूममध्ये शिरोडकर हाताची घडी घालून उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"माझा आयडी कधी उडवला?" मी शिल्पाला विचारलं.

"शनिवारी संध्याकाळी, गेट बंद झाल्यावर. साहेब म्हणाले, माणूस गेला, आयडी काढून टाक."

"मग मशीनने विचारलं असेल, याच्या मालकीच्या वस्तूंचं काय करू?"

"हो सर. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, उडव सगळं."

"अहो, मला वाटलं तुमच्या पर्सनल फाइली असतील," शिरोडकर म्हणाले.

"फोल्डर कंपनीचा. पण आतली टेम्प्लेट्स मी माझ्या लॉगिनने चढवलेली. माझ्याबरोबर तीही गेली."

रविवारी गेट बंद, म्हणून सोमवारपर्यंत कुणाला पत्ताच नाही. शिल्पाने शुक्रवारच्या बॅकअपची टेप लावली. टेम्प्लेट्स परत आली.

"मालक कोणाला करू सर?"

"माणसाला नको. कंपनीचा तो आयडी आहे ना, ज्याने कुणीच लॉगिन करत नाही, त्याला कर."

पहिला पास प्रिंट झाला. शिरोडकरांनी सुस्कारा सोडला. "सॉरी हं साळवी. चला, केबिनमध्ये चहा घेऊ."

"चहा नंतर. तुम्ही जे बोललात ते डिस्पॅचमध्ये बोललात. आधी तिथे जाऊ."

ते क्षणभर थांबले, पण आले. माणूस तसा वाईट नाही, उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच. डिस्पॅचमध्ये मोठ्याने म्हणाले, "साळवींनी काही केलेलं नाही. चूक माझी होती." अर्ध्यांनी ऐकलं, अर्धे गाड्या काढायच्या गडबडीत होते. मला तेवढं पुरलं.

तेव्हा सांगतो. कुणी रिटायर झालं की शाल-श्रीफळ जरूर द्या. पण आयडी उडवण्याआधी त्याच्या मालकीचं काय काय आहे ते बघा. आणि काही बिघडलंच, तर चारचौघांत त्याला चोर ठरवण्याआधी शिल्पाने केला तसा एक फोन करा. माणूस बहुतेक घरीच असतो, पोहे खात.