धालोच्या फायलीत माझं नाव

शाळेत मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं ठरलं आणि आम्हा मराठीच्या मास्तरणींनाही पेडण्यात पायथनच्या प्रशिक्षणाला बसवलं. नवशिक्यांसाठी एकदम सोपी भाषा, असं शिकवायला आलेले सर सकाळपासून घोकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून मजकुराची एखादी फाईल आणायला सांगितली. मी धालोची नेली.

धालो म्हणजे आमच्याकडे पौषात बायका समोरासमोर ओळी धरून जी गीतं म्हणत नाचतात ती. हळर्णच्या मांडावर माझी सासू कित्येक वर्षं ती पुढे होऊन म्हणायची. मांड ही त्याची ठरलेली जागा. त्याबाहेर ही गीतं तोंडातून काढायची नाहीत. गुडघे गेले तेव्हा ती मांडावर नारळ ठेवून, चूकभूल माफ कर म्हणून आली आणि घरात बसून सगळी गीतं मला सांगितली. मी शाळेच्या कंप्युटरवर टाईप केली. तो जुना कंप्युटर शाळेतून हलवला तेव्हा फाईल पेनड्राईव्हवर उतरवून घेतली. तेवढीच प्रत.

"फाईल उघडा, पुढे डब्ल्यू द्या," सर म्हणाले. "डब्ल्यू म्हणजे राईट, लिहिणे. आता शेवटी आपापलं नाव घाला."

घातलं. फाईल बंद केली, वाचायला उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत माझं नाव, आणि बाकी काही नाही. मी खाली सरकवून पाहिलं, वर पाहिलं.

"डब्ल्यू आधी सगळं पुसतो, मॅडम. मागे जोडायचं तर ए द्यायचा," ते हसून वर्गाला म्हणाले, "ही चूक सगळे एकदा करतातच!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग आधी सांगायला काय तोंडात गुळणी धरली होती?"

"पुढच्या स्लाईडवर होतं. बॅकअप नाही घेतला?"

पुढच्या स्लाईडवर! सोपी भाषा म्हणे. घर धुऊन न्यायला सोपीच. आमच्याकडे शेजारणीच्या अंगणातलं फूल तोडतानाही हाक मारून विचारतात. हिनं एवढ्या बायकांची गीतं गिळली आणि 'पुसू का?' म्हणून विचारलंसुद्धा नाही. पुसलेलं परत काढायला म्हापशाच्या दुकानात पेनड्राईव्ह दिला, तर कोणाच्या तरी बारशाचे जुने फोटो निघाले. धालो नाहीत. त्या फोटोंचाही मला राग आला.

घरी येऊन सासूला सांगितलं. ती रागावली नाही, याचाही राग आला. तिनं पुन्हा मांडावर नारळ ठेववून घेतला, पदर सावरून बसली आणि पहिलं गीत सुरू केलं. मी वही घेतली. तिसऱ्या ओळीला ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच थांबली. दुसरं धरलं, त्याचं शेवटचं कडवं येईना.

"असं कसं विसरलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुवें बरवून घेतलें न्हय गो?" ती म्हणाली. "म्हणून हांवें मतींतलें सोडलें. तूंच सांग मगे, फुडें कितें तें."

मी लिहून घेतलं म्हणून तिनं मनातलं सोडून दिलं होतं, आणि आता पुढच्या ओळीसाठी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सगळी गीतं मी टाईप केली होती आणि मला एकही ओळ येत नव्हती.