बाबुलालचा वाकलेला बास

सिंदेवाहीच्या अलीकडे तलावाच्या पाळीला लागून जे गाव आहे, तिथे बाबुलाल ढिवराचं घर कोणीही दाखवेल. पण "बास गिटारवाले बाबुलाल कुठे राहतात?" असं विचारलंत, तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. मासोळ्यावाला बाबुलाल सगळ्यांच्या ओळखीचा. दिवाळीपासून होळीपर्यंत तो झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवायला जातो, हेही ठाऊक. फक्त काय वाजवतो, ते कोणाला सांगता येत नाही. ढोलकी कळते, ऑर्गन कळतो. हा गडी कोपऱ्यात उभा राहून चार जाड तारांवर ठूम-ठूम काय करतो, ते देवालाच माहीत.

खुद्द त्याची बायको वच्छला म्हणायची, "तुमचा बाजा तं मले आयकूच येत नाई." बाबुलाल हसून सोडून द्यायचा. पण ते त्याला फार लागायचं.

यंदाच्या पावसाळ्यात त्याला नको ते शहाणपण सुचलं. ओल लागू नये म्हणून त्याने गिटार चुलीच्या वर, सुकट वाळवतात त्या बल्लीला टांगली. तारा तशाच ताणलेल्या. दसऱ्याला पूजेसाठी खाली काढली, तर दांडी कमानीसारखी वाकलेली, आणि तारा एवढ्या वर की खालून झिंगा आरामात पोहून गेला असता.

नाटक कंपनीचे मालक नथ्थूभाऊ तालमीची तारीख सांगायला आले. त्यांनी एक सूर ऐकला आणि कानावर हात ठेवला.

"बाबुलाल, तालमीपर्यंत दुरुस्त झाला तं ठीक. नाई तं ऑर्गनवाला प्रफुल किबोर्डवर डाव्या हातानं बास वाजवन. कोणाले काई समजत नाई."

जागा जाणार याची भीती होतीच. पण 'कोणाले काई समजत नाई' हे वाक्य बाबुलालच्या घशात काट्यासारखं अडकलं. एवढी वर्षं वाजवून जर कोणाला काही कळलंच नसेल, तर आपण तिथे उभे कशाला होतो?

आता ढिवराच्या माणसाला वाकलेली बल्ली सरळ करायला शिकवावं लागत नाही. विस्तवावर शेकायची आणि उलट दाबायची. त्याने चुलीत काड्या सारल्या, गिटार उचलली, तोच जाळं सांधत बसलेली वच्छला ओरडली, "भाजून खाता का बाजा? चुलीनंच तं वाकला! अन् पयले तारा ढिल्या करा. ताणलेलं जाळं कमानीले वाकवते, हे का मी सांगू तुमाले?"

बाबुलाल ओशाळला. त्याने तारा काढल्या, दांडीच्या पुढून सरळ बांबू धरला, दोन्ही टोकांना लाकडाचे ठोकळे दिले आणि मधोमध दोरीने दांडी बांबूकडे ओढून आवळली. दोन दिवसांनी सोडली तर दांडी सरळ! तारा चढवल्या, सूर लावला, आणि संध्याकाळपर्यंत दांडी पुन्हा आपल्या वळणावर गेली.

शेवटी बाजाराच्या दिवशी वच्छला मासोळ्यांची टोपली घेऊन निघाली, तेव्हा तोही गिटार घेऊन सोबत गेला. सिंदेवाहीत निकेशचं सायकलचं दुकान होतं. वाकडी रिम सरळ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

निकेशने सगळी हकीकत ऐकली आणि गिटार डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम घेतला. "भाऊ, बायेरून बांधून किती दिवस ठेवसान? आतून धरणारं काईतरी असनच." मग त्याने दांडीच्या वरच्या टोकाला, खुंट्यांजवळ बोट ठेवलं. तिथे एक छोटी पट्टी होती. पट्टीवर महाकालीचा फोटो चिकटवलेला, आणि त्यावर हळद-कुंकवाचे थर. प्रत्येक हंगामाचा नारळ तिच्यासमोर वाढवायचा आणि तेल-कुंकू तिथेच लावायचं, हा बाबुलालचा नेम.

"याच्या मांगं काय हाये?"

"देवी हाये."

"अन् देवीच्या मांगं?"

बाबुलालने याचा कधी विचारच केला नव्हता. निकेशने पेचकस काढला, तशी त्याने गिटार छातीशी धरली. "हात नोको लावू. तिच्या भरवशावर चालून राह्यलं सगळं."

वच्छलाने टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसून जोडले. "माय, जराशी सरक वं. तुह्या लेकराचं काम अडलं." आणि निकेशला म्हणाली, "खोल."

पट्टी निघाली. आत बोटभर खड्डा, आणि खड्ड्यात फटीतून आत गेलेलं कुंकू, तेल आणि चार अक्षता यांचा घट्ट लगदा. निकेशने सायकलच्या स्पोकने तो कोरून काढला, तेव्हा तळाशी एक नट लाजत बाहेर आला. दांडीच्या पोटातून लोखंडी सळई गेलेली होती. नट आवळला की सळई ताणली जायची आणि तारांची ओढ पेलायची. बाबुलालच्या भक्तीने ते बिचारं भोक केव्हाचंच बुजवून टाकलं होतं!

निकेश हसून हसून स्टुलावरून पडायचा बाकी राहिला. मग दांडीला पुन्हा बांबू बांधून, थेंबभर तेल सोडून त्याने नट जरा-जरा आवळला. तारा चढल्या. दुसऱ्या दिवशीही दांडी सरळ होती. देवी परत पट्टीवर बसली. कुंकू मात्र आता गिटारच्या पोटावर लागतं.

तालीम गावातल्याच मंदिराच्या मंडपात, भर दुपारी होती. नथ्थूभाऊ मांडी घालून समोर बसले. मागे खांबाला टेकून वच्छला जाळं सांधत होती, मान खाली घालून. गाणं सुरू झालं. ढोलकी, ऑर्गन आणि खालून ठूम-ठूम. नथ्थूभाऊंचा चेहरा कोराच. बाबुलालला वाटलं, झालं, यांना काहीच फरक पडत नाही.

एवढ्यात कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि बास बंद पडला. बाकीचं गाणं चालूच होतं.

वच्छलाचा हात जाळ्यावर थांबला. तिने मान वर केली आणि गाण्याच्या वर आवाज काढून विचारलं, "काऊन थांबले तुमी?"

बाबुलाल बघतच राहिला. "तुले तं आयकू येत नाई ना?"

"थांबलं तं समजते ना!" ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर बोलले म्हणून लाजली.

नथ्थूभाऊंनी हात वर करून गाणं थांबवलं. आधी वच्छलाकडे पाहिलं, मग बाबुलालकडे.

"वायर लाव रे," ते म्हणाले. "पुन्हा पयल्यापासून घेऊ."