बिंदूच्या आधीचं शून्य

नवं मध्य प्रदेश राज्य झालं, तेव्हा आमच्या शाळेतले मराठी आणि हिंदी वर्ग एकत्र केले. विज्ञानाच्या वर्गात जागा थोड्या, म्हणून चाचणी ठेवली. मला तोच वर्ग हवा होता. निंबोला गावचा माझा मामेभाऊ शिकायला आमच्याकडे शहरात, इतवारा मोहल्ल्यात राहायचा. त्यालाही तोच हवा होता.

गणितात तो हुशार. फार लहान दशांश अपूर्णांक दहाच्या घातात लिहायची युक्ती त्यानेच मला दिली. "सगळी शून्यं मोज. जितकी शून्यं, तितका उणे घात." ०.०००३२ मध्ये शून्यं चार, म्हणून ३.२ गुणिले दहाचा उणे चारावा घात. आमच्या पुस्तकात हे दर वेळी जमायचं. का जमतं, ते मी कधी विचारलं नाही.

गणिताच्या पेपरात बिंदूच्या आधी शून्य छापलेलंच नव्हतं. नुसतं .०००३२. मी तीन शून्यं मोजली आणि उणे तीन लिहिलं. असली उदाहरणं बरीच होती.

संध्याकाळी ओट्यावर आम्ही उत्तरं ताडून पाहिली. सगळी जुळली. मी खूश. तो मात्र एका आकड्यावर बोट ठेवून बसला, मग ते बोट हळूहळू उजवीकडे सरकवत गेला.

"काय झालं?"

"काही नाही. चल यार, आत्या जेवायला बोलावतेय."

दुसऱ्या दिवशी विज्ञानाचा पेपर. केसाची जाडी मीटरमध्ये, .००००७. मी पुन्हा शून्यंच मोजली.

निकालात त्याचं नाव होतं, माझं नव्हतं. आईने मावा जिलेबी आणली आणि पहिली त्याच्या हातावर ठेवली.

"केसाचं काय लिहिलंस?" मी विचारलं.

"उणे पाच." तो जिलेबीकडे बघत म्हणाला. "बिंदू सातच्या पुढे न्यायला पाच घरं सरकवावा लागतो. शून्यं नाही, घरं मोजायची."

"कधी कळलं तुला?"

"ओट्यावर."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"जागा किती होत्या, तुला माहीत नव्हतं का?"

पुढे रोज सकाळी आम्ही एकाच दारातून निघायचो आणि शाळेत वेगवेगळ्या वर्गांत शिरायचो. मी त्याला माफ केलं नाही, अजूनही नाही. पण चाळिशी उलटल्यावर एक गोष्ट छळते. त्या ओट्यावर आधी मला कळलं असतं, तर मी त्याला सांगितलं असतं का? सांगितलं असतं, असं मनाशी म्हणून पाहतो. पटत नाही.