हाडाचा शिकारी

बसा, सांगतो. हसायचं असेल तिथे हसून घ्या, कारण शेवटाला मी हसू देईन याची खात्री नाही. माझ्या हातून आयुष्यात गाढवपणा कमी झालेला नाही. एकदा ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या चांगल्या गुडघ्यावर खूण करून ठेवली होती, नर्सने वेळेत पाहिलं म्हणून वाचलो. पण या सगळ्यावर कडी केली ती एका दोन अक्षरी शब्दाने.

मी हाडांचा डॉक्टर. तीस-बत्तीस वर्षं हाडांवरच पोट भरलं. रिटायर झाल्यावरही इथेच, स्टेट कॉलेज नावाच्या गावाबाहेर डोंगराकडेला राहिलो. शेजारी वॉल्ट आणि त्याची बायको बार्बरा. वॉल्ट ट्रक चालवायचा, तोही रिटायर झालेला. त्यांचा मुलगा लांब, ओरेगॉनला. आमच्या दोन घरांमध्ये कुंपण नाही, नुसती गवताची पट्टी. बावीस वर्षांचा शेजार.

वॉल्ट म्हणजे हाडाचा शिकारी. थँक्सगिव्हिंगची टर्की पोटात गेली रे गेली, की हा केशरी बंडी चढवून जंगलात. हरणांचा सीझन दोन आठवड्यांचा. तेवढ्यात हा वर्षभराचं मांस फ्रीझरमध्ये भरायचा. एकाही वर्षी रिकाम्या हाताने घरी आला नव्हता.

माझं हरणांशी वैर वेगळं. सुनंदा, म्हणजे आमची ही, मागच्या अंगणात मेथी लावते, घेवडा लावते. हरणं येतात आणि देठ तेवढे आमच्यासाठी ठेवतात. मग मी पायातली चप्पल हातात घेऊन, लेंगा सावरत धावतो. "हाऽड! हाड, हाड!"

आता हाड आपण कुत्र्याला म्हणतो, मान्य. पण हरणाला काय म्हणायचं हे आम्हाला साताऱ्यात कोणी शिकवलं होतं?

वॉल्ट त्याच्या डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, कॉफी घेत बसलेला असायचा. माझी धावपळ संपली की कप वर करायचा. कधी एका शब्दाने काही विचारलं नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये तो एक जाड पाकीट घेऊन आला. म्हणाला, "डॉक, तिथल्या डॉक्टरने सांगितलं ते मला कळलं नाही. का मलाच कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. तू वाच." इंग्रजीतच म्हणाला, मी आपलं मराठीत सांगतोय.

मी वाचलं. कॅन्सर हाडांत उतरला होता. पाठीचा कणा, कंबर, मांडी. माझंच खातं, आणि मला करण्यासारखं काहीही शिल्लक नव्हतं.

"हा सीझन बघेन?"

"बघशील."

"पुढचा?"

मी रिपोर्टची घडी घालत बसलो. चार कागदांची घडी घालायला किती वेळ लागतो? मला लागला. त्याने परत विचारलं नाही.

नोव्हेंबरपर्यंत माणूस निम्मा झाला. झाडावरच्या मचाणावर चढणं तर सोडाच, ट्रकमध्ये चढतानाही थांबायचा. बार्बराने सांगून टाकलं, एकटं जायचं नाही. मग तो माझ्याकडे आला. "डॉक, तू चल. बंदूक माझी, नेम माझा. तू फक्त गप्प बसायचं."

काम काय दिलं होतं, लक्षात घ्या. गप्प बसायचं. तीन वर्षांच्या पोरालाही खाऊ देऊन बसवता येतं.

सुनंदा म्हणाली, "अहो, तुम्ही शिकारीला? घरात झुरळ निघालं तर मला हाका मारता." पण तिने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. वॉल्टसाठी थोडी बिनतिखटाची वेगळी.

पहिल्या शनिवारी पहाटे आम्ही जंगलात त्याने शिकारीसाठी उभारलेल्या कापडी खोपटात जाऊन बसलो. खिडकीएवढी फट, बाहेर पानं झडलेलं जंगल. अर्धा तास झाला असेल, वॉल्टने नाक वर केलं. "डॉक, तुझ्या जॅकेटला काय छान वास येतोय."

फोडणीचा. तुमच्या घरी कोटांचं कपाट कुठे आहे? किचनला लागूनच ना? आमच्याही. सुनंदा फोडणीआधी ओरडते, कपाट बंद करा. मी ऐकतो का? त्या जॅकेटात वर्षानुवर्षांचा हिंग मुरलेला. वारा नेमका आमच्या पाठीकडून. आमच्याकडे आमटी झाली आहे ही बातमी अख्ख्या डोंगराला लागली. दिवसभरात एक हरिण फिरकलं नाही.

वॉल्ट रागावला नाही. जॅकेट त्याच्या गॅरेजमध्ये सुक्या पानांच्या पोत्यात आठवडाभर ठेवायला लावलं, आणि तो आठवडाभर स्वतः अंथरुणात पडून राहिला. उठवतच नव्हतं.

उरला शेवटचा शनिवार. सीझनचा शेवटचा दिवस.

त्या दिवशी त्याने सकाळची दुखण्याची गोळी घेतली नाही. गोळीने डोकं जड होतं, नेम हलतो, म्हणाला. ज्याच्या हाडांत ते दुखणं शिरलंय त्याने ती गोळी न घेणं म्हणजे काय, हे मला विचारा. खोपटात बसल्यावर त्याच्या कपाळावर घाम होता आणि बाहेर बर्फ पडत होता. "परत जाऊ या," मी म्हणालो. त्याने नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

दुपारचे तीन वाजले. मला डुलकी लागली. खरं सांगतो, लागली. दशम्या जरा जास्त झाल्या होत्या.

डोळे उघडले तर वीस पावलांवर हरिण. हे एवढं थोरलं, शिंगांचा हा पसारा. मान खाली घालून शांतपणे काहीतरी चघळत होतं. अर्धवट झोपेत मला जंगल दिसलं नाही, खोपट दिसलं नाही, बंदूक रोखून बसलेला मित्रही दिसला नाही. मला मेथी दिसली.

हात पायाकडे गेला, पण पायात लेस बांधलेले बूट. राहिलं फक्त तोंड.

"हाऽऽऽड!"

वर टाळीही वाजवली.

पांढरी शेपटी एकदा चमकली आणि झालं. जंगल पहिल्यासारखं रिकामं. वॉल्टचं बोट अजून घोड्यावर होतं. त्याने ते सावकाश बाजूला केलं, बंदूक खाली घेतली, गोळ्या काढून खिशात टाकल्या. घाई नाही, शिवी नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"डॉक, काय म्हणालास तू?"

खरं सांगता आलं असतं. 'बोन' म्हणालो असतो तरी ते खोटं ठरलं नसतं. पण तो घामेजलेला चेहरा बघितला आणि माझी जीभ घसरली. म्हणालो, "तो... आशीर्वाद आहे. आमच्याकडचा. सुखाने जा, असा."

वॉल्टने एकदा माझ्या बुटांकडे पाहिलं. "हॉड," त्याने म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "चांगला शब्द आहे."

घरी पोचलो. बार्बराने फ्रीझरचा वरचा कप्पा पुसून मोकळा ठेवला होता. वॉल्ट तिला म्हणाला, "हरिण आलं होतं. डॉकने आशीर्वाद देऊन सोडलं." ती डोळ्यांत पाणी आणून माझ्या गळ्यात पडली. माणसाचा शेवटचा सीझन मी मातीत घातला, आणि वर मलाच मिठी.

सुनंदाला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "उद्या जाऊन खरं सांगा."

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी गेलो तर बैठकीच्या खोलीत हॉस्पिटलची कॉट लागली होती आणि घरी येणारी नर्स बसली होती. वॉल्ट तिला म्हणाला, "हाच तो डॉक, याने मला तो शब्द शिकवला." नर्सने मला हात जोडले. आता तिच्यासमोर काय सांगणार? त्याच्या पुढच्या आठवड्यात चर्चचे पास्टर आले, त्यांनी स्पेलिंग विचारलं, वहीत लिहून घेतलं. ख्रिसमसला मुलगा आला, तोही शिकला. खोटं बोलायला मला एक क्षण लागला होता, खरं बोलायला दोन महिने पुरले नाहीत. भित्रा आहे मी, दुसरं काय.

रोज संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसायचो. निघताना तो कॉटवरून हात वर करून म्हणायचा, "हॉड, डॉक."

आणि मी 'थँक्यू' म्हणून निघायचो. त्याच्या ओठाचा एक कोपरा तेव्हा जरा हलायचा. मला वाटायचं, दुखतंय.

फेब्रुवारीत वॉल्ट गेला.

चर्च भरलेलं होतं. मुलाने भाषणात ती हरणाची गोष्ट सांगितली, तीही सजवून. मग म्हणाला, "शेवटी सगळ्यांनी मिळून तो शब्द म्हणावा, अशी डॅडची इच्छा होती. पण आधी डॉकने. उच्चार त्याचाच बरोबर आहे."

सुनंदाने माझी बाही ओढली. "अहो, नका ना."

नको तर नको, पण जाऊ कुठे? बार्बरा पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होती. उठलो. शवपेटीपाशी जाऊन उभा राहिलो. आणि जो शब्द आपण दारातल्या कुत्र्याला म्हणतो, तो मी माझ्या मित्राला म्हणालो.

"हाड, वॉल्ट."

मागून काळ्या कोटातली सगळी माणसं हळू आवाजात म्हणाली, "हॉड." सुनंदाने तोंड पदरात खुपसलं होतं, खांदे गदगदत होते. हसत होती की रडत होती, तिला अजून सांगता येत नाही. मी मात्र रडत होतो. तो शब्द आजवर शेकडो वेळा तोंडातून गेला असेल, पण समोरच्याने जाऊ नये असं पहिल्यांदाच वाटत होतं.

नंतर खाली हॉलमध्ये कॉफी होती. बार्बरा माझ्याजवळ आली. "डॉक, वॉल्टने तुझ्यासाठी एक प्रश्न ठेवलाय. सगळं आटोपल्यावरच विचार, असं बजावलं होतं. मला तर काही कळला नाही."

"कुठला प्रश्न?"

"तो आशीर्वाद चपलेशिवायही लागू पडतो का?"

मी कॉफीचा कप टेबलावर ठेवला.

बावीस वर्षं डेकवर कॉफी घेत बसलेला माणूस. त्याला खोपटातच कळलं होतं. त्याच क्षणी. आणि मग हाडं जळत असताना तो दोन महिने त्या कॉटवर दबा धरून पडून राहिला. नर्स, पास्टर, मुलगा, सगळ्यांना जागेवर बसवलं, रोज मला तोंडावर 'हाड' म्हणाला, आणि मी टप्प्यात येईपर्यंत थांबला. त्याचा शेवटचा सीझन रिकामा गेला म्हणून मी झुरत होतो, आणि त्याने मला भर चर्चमध्ये लोळवलं होतं.

"चप्पल कसली, डॉक?" बार्बरा विचारत होती. डोळे सुजलेले होते तिचे, पण उत्तराची वाट बघत होती.

मी गप्प बसलो. त्याने मला तेवढंच तर काम दिलं होतं.