मंगलाच्या वाकड्या चाव्या

शिरगावात मंगलाला कुणी चिकट म्हटलं नसतं. वाडीतले चिकू उतरले की आधी शेजारच्या घरांत जायचे, मग बाजारात. पण लोखंडाच्या बाबतीत मात्र तिचा हात आखडायचा. सासऱ्यांच्या वेळचा कोयता त्या घरात अजून चालत होता, आणि तिचा नवरा रामनाथ वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करून डब्यात ठेवायचा. लोखंड फेकून द्यायची वस्तू आहे, हे तिला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

ते शिकवणारे तिला बोईसरला भेटले. नात हिमानी वर्षाची झाली आणि सून मेघाली पुन्हा पालघरच्या लॅबमध्ये कामाला जायला लागली. मग वाडी रामनाथवर टाकून मंगला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आली. मुलगा शैलेश तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा आणि घरी असला की मोबाइलवर सामान मागवायचा. सामान म्हणजे टेबल नाही, कपाट नाही. खोकं यायचं, त्यात फळ्या, स्क्रूंची पुडी, चित्रांचा कागद आणि एक वाकडी चावी. बोटाएवढी, काटकोनात वळलेली, सहा कडांची. शैलेश तिला अ‍ॅलन की म्हणायचा. चपलांचं कपाट उभं राहिलं आणि चावी ओट्यावर पडून राहिली, तेव्हा मंगलानं विचारलं, "हिचं काय करायचं?"

"काही नाही. टाकून दे."

"टाकून दे? धडधाकट चावी हाय."

"आई, ती फुकट येते. पुढच्या खोक्यात दुसरी येईल."

"तेच विचारते. पयली घरात असताना दुसरी कशाला?"

दुसरी आली, तिसरी आली. कॉम्प्युटरच्या टेबलाबरोबर आली, हिमानीच्या उंच खुर्चीबरोबर आली, शेल्फबरोबर तर दोन आल्या. कधी ती सोफ्याच्या फटीत सापडायची, कधी केर काढताना झाडूला लागून टणकन वाजायची. एकदा हिमानीच्या तोंडातून मंगलानं चावी ओढून काढली. त्या दिवसापासून दिसेल ती चावी उचलून ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायला लागली. डबा हलवला की आतून खुळखुळाट व्हायचा आणि मेघालीच्या कपाळावर आठी यायची.

चिडचिड मंगलाचीही व्हायची. चाव्या टाकवत नव्हत्या आणि ठेवून त्यांचा काही उपयोगही नव्हता. फक्त एक चावी तेवढी कामाची होती. पलंगाबरोबर आलेली, सगळ्यांत जाड. तो पलंग कुशी बदलली तरी कुरकुरायचा. दुपारी हिमानी झोपली की मंगला ती जाड चावी घेऊन पलंगाखाली शिरायची आणि पायांचे स्क्रू आवळून यायची. महिनाभरात ते पुन्हा सैल व्हायचे. याबद्दल ती कुणाला काही बोलली नाही. सुनेच्या खोलीतल्या पलंगाखाली आपण जातो, हे सांगायलाच तिला कसंतरी वाटायचं.

अशीच एकदा शेल्फखाली सापडलेली चावी तिनं पदराला बांधली आणि विसरली. साडी मशीनमध्ये गेली. चावी सुटून कुठेतरी आत अडकली आणि मशीन असं खडखडलं, की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. दुरुस्तीवाल्यानं अख्खं मशीन उघडून चावी बाहेर काढली आणि मेघालीच्या हातावर ठेवली. मेघाली सासूला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा कचऱ्याच्या बादलीबरोबर तिनं तो डबाही नेला.

मंगलाला कळलं ते संध्याकाळी, डबा ठेवायच्या जागी हात गेला तेव्हा.

"डबा कुठं गेला?"

"टाकला, आई. रोज त्या चाव्यांचा वैताग."

"बरं झालं," मंगला म्हणाली. पण नंतर चार दिवस ती कामापुरतंच बोलली. मेघालीलाही चुकल्यासारखं वाटत होतं, पण डब्याबद्दल माफी मागायची तरी कशी?

पुढच्याच महिन्यात घर बदलायचं ठरलं. मेघालीला पालघर जवळ पडावं म्हणून कोळगावच्या बाजूला फ्लॅट मिळाला होता. टेम्पो खाली येऊन उभा राहिला. पलंग जिन्यातून अख्खा उतरणार नव्हता, तो सुटा करायला हवा होता. शैलेशनं गुडघ्यावर बसून खाली पाहिलं आणि विचारलं, "अ‍ॅलन की कुठेय?"

मग त्यानं मंगलाकडे पाहिलं.

"आई, तुझ्या डब्यात असेल ना?"

"मी टाकला तो डबा," मेघाली म्हणाली.

मग शैलेश सुटला. टाकायच्या आधी विचारायचं तरी, पलंगाची चावी कुणी टाकतं का, आता टेम्पोवाला खोळंबलाय. टाकून दे टाकून दे हे घरात पहिल्यांदा कोण म्हणालं होतं, ते तो सोयीस्कर विसरला होता. मेघाली हिमानीला कडेवर घेऊन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिची मान लाल झालेली मंगलाला मागून दिसली.

"तिला कशाला बोलतो?" मंगला म्हणाली. "त्यात पलंगाची चावी नव्हतीच. मी सगळ्या लावून बघितल्यात. एकपण बसत नाय."

मंगलानं चपला घातल्या आणि खाली उतरली.

कोपऱ्यावर मिथुनचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पलंगाच्या स्क्रूचं भोक केवढं ते तिनं करंगळी दाखवून सांगितलं. मिथुननं वापरून वापरून गुळगुळीत झालेली एक चावी कड्यातून काढून दिली. "मौसी, आधे घंटे में वापस चाहिए. मेरे पास एक ही है."

एकच चावी आणि ती परत हवी म्हणणारा माणूस, हे ऐकून मंगलाला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. पलंग सुटा झाल्याबरोबर ती स्वतः जाऊन चावी देऊन आली.

म्हणजे कोळगावला पलंग जोडायला पुन्हा चावी नव्हती. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शैलेश हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि प्लास्टिकच्या पट्टीत बसवलेल्या वेगवेगळ्या मापांच्या नऊ चाव्या घेऊन आला.

"मला एक हवी होती," तो म्हणाला, "पण सुटी देत नाहीत."

मंगलानं कपाळाला हात लावला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

भांडी लावताना मेघाली तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, खरं सांगा. ती चावी डब्यात होती ना? पलंग जोडून झाल्यावर मीच ती तुमच्या हातात दिली होती."

"होती."

"मग नव्हती का म्हणालात?"

"तो दिवसभर तेच उगाळत बसला असता. मला ऐकायचा कंटाळा आला होता." तिनं ओली वाटी पुसली. "आणि माझ्या पदरातली चावी मशीनमधी गेली, तेव्हा तू कुठं काय बोललीस?"

मेघालीनं तिच्या हातातून वाटी घेऊन फडताळात ठेवली. पुढची भांडी दोघींनी मिळून लावली.

त्या नऊ चाव्यांनी मात्र शैलेशला नवा नाद लावला. सुट्टीच्या दिवशी तो घरातली एकेक वस्तू उलटी करतो, स्क्रू आवळतो, ढिले करतो, पुन्हा आवळतो. जेवायला टेबल जागेवर नसतं, हिमानीची खुर्ची तीन पायांवर असते. मंगला आता सुट्टीच्या आदल्या दिवशीच पिशवी भरते आणि सकाळची पहिली रिक्षा धरून शिरगावला जाते. कधी कधी मेघालीही हिमानीला घेऊन तिच्याबरोबर निघते.

"मी एकटा काय करू?" शैलेश विचारतो.

"आवळत बस," मंगला म्हणते.